फारकत झाली, पण कोणती? एका हुकूमनाम्याच्या भाषांतराचे प्रकरण

(हे प्रकरण घडलेले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ मी भाषांतराची कामे घेतो. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, सातबारा, भाडेकरार, कधीमधी न्यायालयाचे निकाल. मी वकील नाही, कधी नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझी सगळी कुचंबणा याच एका गोष्टीवरून झाली.

फेब्रुवारी 2020 मध्ये एक गृहस्थ बहिणीचा हुकूमनामा घेऊन आले. इंग्रजीत, सात पाने. बहीण छत्तीस वर्षांची, कळव्याला आईबरोबर राहणारी, ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाला. 2012 साली लग्न, तीन वर्षांत माहेरी परत. 2015 मध्ये ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज, डिसेंबर 2018 मध्ये निकाल. मूलबाळ नाही. मधल्या काळात त्यांनी खारीगावात स्वतःच्या कर्जावर एक वन रूम किचन घेतले होते.

आता ऐरोलीचेच एक स्थळ आले होते. विधुर, नोकरी चांगली. अक्षय्य तृतीयेला साखरपुडा ठरला होता. सगळे जुळत आले असताना मुलाकडच्या मामांनी, ते साताऱ्याकडचे, एक अट घातली. इंग्रजी कागद आम्हाला कळत नाही, सोडचिठ्ठीचा कागद मराठीत करून आणा. भावाला हा मामांचा खवचटपणा वाटत होता. मला आजही वाटते की त्या सगळ्या मंडळींत कागद वाचायला मागणारा हा एकच शहाणा माणूस होता.

अडचण

पहिल्या सहा पानांत ‘डायव्होर्स’ हा शब्द पावलोपावली होता. मथळ्यातच ‘पिटिशन फॉर डायव्होर्स’. शेवटच्या पानावर, जिथे न्यायाधीश प्रत्यक्ष हुकूम देतात तिथे, तो शब्द एकदाच आला होता आणि तोही नामंजुरीच्या वाक्यात. अर्ज अंशतः मंजूर, घटस्फोटाची मागणी नामंजूर, त्याऐवजी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-अ चा आधार घेऊन ‘ज्युडिशियल सेपरेशन’चा हुकूम.

हे कलम 1976 साली कायद्यात आले. घटस्फोटाचा अर्ज समोर असताना, परिस्थिती पाहून न्याय्य वाटले तर, न्यायालय घटस्फोटाऐवजी सेपरेशन देऊ शकते. म्हणजे ताईंनी मागितले एक आणि मिळाले दुसरे. आपण अर्ज कशासाठी केला हे माणसाला पक्के आठवत असते. ‘मंजूर’ हा शब्द कानावर पडला की त्याच्या आधीचा ‘अंशतः’ कोण ऐकतो?

गैरसमजावर शिक्का मारला तो त्यांच्या तेव्हाच्या वकिलांच्या पत्राने. भावाने तेही आणले होते. चार ओळींचे मराठी पत्र: ‘आपणास मे. न्यायालयाने न्यायिक फारकत मंजूर केली आहे.’ यात वकिलांनी खोटे काही लिहिले नव्हते. पण कळव्यापासून साताऱ्यापर्यंत कुणालाही विचारा, फारकत म्हणजे काय? सोडचिठ्ठी. मागचा ‘न्यायिक’ घरच्यांनी ‘कोर्टातून रीतसर मिळालेली’ असा वाचला. त्यामुळे तर ती त्यांना जास्तच पक्की वाटली.

दोन शब्दांमध्ये नेमके किती अंतर आहे

‘डायव्होर्स’ लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ दोन दिशांना वळणे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामासाठी ‘डायव्हर्जन’च्या पाट्या लागतात, तो शब्द याच घराण्यातला. वाट फुटली, आता एकमेकांशी संबंध नाही. ‘सेपरेशन’मध्ये वाट फुटत नाही. दोन वस्तू एकमेकींपासून बाजूला ठेवल्या जातात, एवढेच.

इंग्लंडमध्ये मात्र एके काळी या दोन्ही गोष्टींना एकच नाव होते. चर्चची न्यायालये जो ‘डायव्होर्स’ देत, तो फक्त अंथरूण आणि ताट वेगळे करणारा असे. लग्न तसेच राहायचे, दुसरे करता यायचे नाही. लग्न पुरते मोडायचे तर पार्लमेंटकडून आपल्यापुरता स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि तो खर्च श्रीमंतांनाच झेपायचा. 1857 च्या कायद्याने ही गल्लत मिटवली. जुन्या अर्धवट घटस्फोटाला ‘ज्युडिशियल सेपरेशन’ असे नवे नाव दिले आणि लग्न मोडणारा तेवढा ‘डायव्होर्स’ ठरला. आपल्याकडच्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात, जो ख्रिस्ती लोकांसाठी होता, हीच वाटणी आली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 10 सेपरेशनचे आणि कलम 13 घटस्फोटाचे.

मराठीची गंमत उलटी आहे. लग्न मोडण्यासाठी आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट. यातल्या ‘घटस्फोटा’चा तर मूळचा लग्नाशी संबंधच नव्हता. पतित ठरलेल्या माणसाला भाऊबंदांनी वाळीत टाकताना पाण्याने भरलेला घडा पायाने उलथवायचा, तो मेलाच असे समजून, असा तो धर्मशास्त्रातला विधी. इतका टोकाचा शब्द आपण कौटुंबिक न्यायालयात आणून बसवला. पण लग्न आहे आणि एकत्र राहणे नाही, या मधल्या अवस्थेला रोजच्या बोलण्यात धड नाव नाही. ‘माहेरी बसली’ म्हणतात, किंवा ‘टाकलेली’, आणि ही काही अवस्थेची नावे नव्हेत, बाईला दिलेली दूषणे आहेत. ‘विभक्त’ म्हणावे तर तो शब्द रेशनकार्डाने आणि चौकोनी कुटुंबाने आधीच अडवून ठेवला आहे. आईवडिलांपासून वेगळी चूल मांडणारे नवरा-बायको विभक्त, आणि एकमेकांपासून वेगळे झालेलेही विभक्तच.

कायद्याने पाहिले तर ताईंच्या हुकुमाने एकच गोष्ट झाली होती. नवऱ्याजवळ राहण्याचे बंधन सुटले होते. लग्न जागच्या जागी होते. 1976 पासून दोन्हींची कारणे सारखीच आहेत, म्हणजे न्यायालयात सिद्ध करायचे तेच, फक्त बाहेर पडायचे दार वेगळे. सेपरेशनच्या दारातून परतही येता येते. परिस्थिती बदलली तर कलम 10 प्रमाणे न्यायालय तो हुकूम रद्द करू शकते. घटस्फोट झालेल्यांना पुन्हा एकत्र यायचे तर पुन्हा लग्नच करावे लागते.

माझ्यापुढचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. ‘न्यायिक विभक्तता’ असे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायचे, पैसे घ्यायचे, गप्प बसायचे. भाषांतर अचूक. पण त्या घरात तो शब्द ‘फारकत’सारखाच वाचला जाणार हे मला दिसत होते. वाचणारा चुकीचाच अर्थ घेणार हे ठाऊक असताना केलेल्या भाषांतराला अचूक म्हणायचे का, हा प्रश्न मी तोवर स्वतःला कधी विचारला नव्हता.

दुसरा पर्याय, काम परत करून ‘वकिलांना दाखवा’ म्हणायचे. तिसरा, स्पष्ट सांगायचे.

मी भावाला स्पष्ट सांगितले. लग्न कायद्याने मोडलेले नाही. दुसरे लागले तर ते रद्दबातल असते, शिवाय तो गुन्हाही होतो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम 494, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 मध्ये आहे. आधीचे लग्न लपवून केले तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “साहेब, तुम्ही आपलं ‘घटस्फोट’ लिहा. बाकी आम्ही बघतो.”

माणूस वाईट नव्हता. बहिणीचे एकदाचे मार्गी लागतेय आणि हा कोण शब्दांत खोट काढतोय, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी नाही म्हटले. ते कागद गोळा करून निघून गेले.

इथे माझी चूक झाली. ज्यांचा तो कागद होता, ज्यांच्यावर खटला होऊ शकला असता, त्या ताईंना मी काहीच कळवले नाही. नंबर हवा होता तर भावाकडून मागता आला असता. मी मनाशी म्हटले, गिऱ्हाईक भाऊ आहे, आपले काम संपले.

आठवड्याने ताई स्वतः आल्या. हातात दुसरीकडून करून आणलेले भाषांतर. त्यात शेवटच्या पानावर ठसठशीत ‘घटस्फोटाचा हुकूम’. मामांना शिक्का हवा होता आणि त्या टायपिस्टकडे शिक्का नव्हता, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. भावाने त्यांना घरी एवढेच सांगितले होते की कोर्टनाक्यावरचा माणूस नखरे करतो.

ताईंपुढचे पर्याय

मूळ हुकूम आणि ते भाषांतर शेजारी शेजारी ठेवून मी बोटाने दाखवले. ताई हिशेबातल्या, आकडे त्यांना पटकन दिसतात. “कलम 13 नामंजूर आणि 10 मंजूर,” त्या स्वतःच म्हणाल्या. मग विचारले, “म्हणजे सर, मी अजून त्यांची बायको आहे?”

हो म्हणण्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हते. पुढचे सांगायला मी योग्य माणूस नव्हतो, म्हणून त्यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. 1987 च्या कायद्याने तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नसते. हे अजूनही बऱ्याच नोकरदार बायकांना माहीत नाही. आपला पगार बसत नाही असे त्या धरून चालतात.

तिथल्या वकीलबाईंनी जे पर्याय मांडले ते ताईंनी नंतर मला सांगितले.

साखरपुडा आणि लग्न ठरल्याप्रमाणे करायचे, नोंदणीचे पुढे बघू, हा घरच्यांचा मार्ग. तो त्यांनी तिथल्या तिथे मोडीत काढला.

दुसरा, परस्पर संमतीचा घटस्फोट, कलम 13-ब. यात दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आहे. ऐकायला हा सर्वांत वेगवान रस्ता.

तिसरा, कलम 13(1-अ). सेपरेशनच्या हुकुमानंतर वर्षभर किंवा जास्त काळ दोघे पुन्हा एकत्र राहिले नसतील, तर दोघांपैकी कोणीही एकटा घटस्फोट मागू शकतो. हे वर्ष डिसेंबर 2019 मध्येच पूर्ण झाले होते. म्हणजे गेले दोन महिने दार उघडे होते आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. वर्ष सरले की सेपरेशनचे आपोआप घटस्फोटात रूपांतर होते, असा एक समज कोर्टाच्या आवारात फिरत असतो. तसे होत नाही. अर्ज नव्याने करावाच लागतो.

चौथा, काहीच न करण्याचा. स्थळ सोडून द्यायचे आणि आहे तसे राहायचे. यात तोटा नाही असे ताईंच्या आईला वाटत होते. वकीलबाईंनी तेव्हा खारीगावच्या घराचा विषय काढला. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956, कलम 15. मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिच्या मिळकतीचे पहिले वारस मुले आणि नवरा. आईवडिलांचा नंबर नवऱ्याच्या वारसांच्याही नंतर. म्हणजे ज्या माणसापासून वेगळे राहायला न्यायालयाने परवानगी दिली, तोच त्या वन रूम किचनचा पहिला हक्कदार, आणि हप्त्याला हातभार लावणारी आई रांगेत कुठेतरी मागे. ताई म्हणाल्या की लग्न रद्दबातल होईल हे ऐकताना त्यांना नुसते वाईट वाटले होते, पण हे ऐकल्यावर झोप गेली.

काय केले

सर्वांत आधी मृत्युपत्र. त्याला नोंदणीची सक्ती नसते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याच टेबलावर ते झाले. एक साक्षीदार मी, दुसरे शेजारचे झेरॉक्सवाले. दोन आठवड्यांत टाळेबंदी लागली. आता आठवले की वाटते, थोडक्यात साधले.

मग मुलाकडच्यांना सांगणे. भावाचे म्हणणे होते की ‘कागदपत्रांत थोडी अडचण’ एवढेच कळवावे. ताईंनी स्वतः फोन करून पूर्ण सांगितले. मामा म्हणे शांतपणे म्हणाले, “बरं झालं पोरी, आधी कळलं.” साखरपुडा पुढे गेला. तसा तो एप्रिलमध्ये कुणाचाच झाला नाही.

तिसरा निर्णय कोणत्या कलमाने जायचे हा. वकीलबाईंचा कल आधी संमतीकडे होता. ताईंनी 13(1-अ) निवडले. कारण विचारले तर म्हणाल्या, “पुन्हा त्यांच्या सहीसाठी थांबायचं नाही.” कायद्याच्या हिशेबात हे कारण बसत नसेल. पण तीन वर्षे जिने तारखांना हजेरी लावली तिच्या बाजूने पाहिले तर दुसरे कारण लागतही नाही. न्यायालये तेव्हा तातडीचीच कामे घेत होती. अर्ज जानेवारी 2021 मध्ये दाखल झाला.

निष्पत्ती

समन्स गेल्यावर एक गोष्ट उघडी पडली. नवऱ्यालाही आपला घटस्फोट झाला असेच वाटत होते. त्याच्या घरीही मुली पाहणे चालू होते. एकाच हुकुमाच्या दोन प्रती, दोन घरे, दोन वेगळे वकील, आणि चूक मात्र एकच. त्याने विरोध केला नाही. तरी तारखा महासाथीच्या होत्या, आणि हुकूम हातात पडायला जून 2022 उजाडला. या वेळी शेवटच्या पानावर लग्न संपुष्टात आल्याचे स्वच्छ लिहिले होते.

स्थळ 2020 च्या दिवाळीपर्यंत थांबले. मग त्यांचे दुसरीकडे जमले. ताई त्याबद्दल फार बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

नव्या हुकुमाची प्रत घेऊन त्या ऑफिसात नोंद बदलायला गेल्या. भविष्यनिर्वाह निधीसाठीही ते बघायचे होते, कारण तिथे नवरा ‘कुटुंबा’त धरला जातो, आणि त्याला वगळायचे तर बाईने आयुक्तांना लेखी कळवावे लागते. तेही आजवर केलेले नव्हते. ऑफिसातल्या मुलीने संगणकावर त्यांची माहिती उघडली. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 2018 च्या डिसेंबरपासूनच ‘डायव्होर्स्ड’ होते. साडेतीन वर्षे चुकीची असलेली नोंद कुणी हात न लावता बरोबर झाली होती. त्या मुलीने विचारले, “मॅडम, मग बदलायचं काय?”

वेगळे काय करता आले असते

2018 चा निकाल लागला त्या दिवशी वकिलांनी पाच मिनिटे दिली असती तर हे प्रकरणच झाले नसते. मागितलेले मिळाले नाही, हे अशिलाला सांगणे कुणालाच आवडत नाही, हे मी समजू शकतो. पण ‘न्यायिक फारकत’ या शब्दामागे ते कळत-नकळत लपले. घटस्फोट नाकारल्याविरुद्ध अपील करायचे का, हा विचारही मग झाला नाही. त्याची मुदत गोड गैरसमजात निघून गेली.

घरच्यांनी निकालाचे शेवटचे पान वाचायला हवे होते, असे म्हणणे सोपे आहे. मात्र एवढे नक्की करता येते: लांबलचक निकालातले बाकी काही कळले नाही तरी शेवटच्या हुकुमात कलम 10 आहे की 13, आणि लग्न ‘डिझॉल्व्ह’ झाल्याचे वाक्य आहे की नाही, हे दहावी झालेले कुणीही शोधून काढू शकते. घटस्फोट असला तरी अपिलाची मुदत उलटल्याशिवाय दुसरे लग्न लावू नये, हेही तिथेच विचारून घ्यावे.

माझ्याबाबतीत बोलायचे तर मी भावाला सांगितले आणि बहिणीला नाही. ताई शिक्क्यासाठी आल्या नसत्या, किंवा त्या टायपिस्टकडे शिक्का असता, तर मला वर्तमानपत्रातूनच कळले असते. आता न्यायालयाचा कागद आला की तो ज्याच्या नावाचा आहे त्याच्याशी एकदा फोनवर बोलल्याशिवाय मी काम घेत नाही. दोन-तीन गिऱ्हाइके त्यावरून रागावून गेली आहेत.

दुसरा बदल शब्दाचा. ‘न्यायिक विभक्तता’ आणि ‘न्यायिक फारकत’ हे दोन्ही मी सोडून दिले. ‘ज्युडिशियल सेपरेशन’ आले की मी लिहितो: ‘न्यायालयाच्या हुकुमाने वेगळे राहणे, विवाह कायम’. परवा एका वकिलांनी त्यावर हरकत घेतली. मुळात शब्द दोन, तुमचे सहा कसे? मी म्हटले, साहेब, मी पानाचे घेतो, शब्दाचे नाही.